जादा वाळू

सुकुमार मगदुमांनी आयुष्यात कुठलाही कागद फेकला नाही आणि कुठलाही कागद पुन्हा उघडून वाचला नाही. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची जोतिर्लिंग फौंड्री वडिलांच्या काळापासून पंपांची बिडाची कवचं ओतत होती. भट्टीमागच्या माळ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत तेवढ्याच काळाचे कागद कोंबलेले होते. चलनं, हजेरीपट, भट्टीच्या तपमानाच्या नोंदी, लाईट बिलं, गिऱ्हाइकांची खरमरीत पत्रं, वाटायची राहून गेलेली कॅलेंडरं आणि खराब नगांच्या गुलाबी स्लिपा. दर दसऱ्याला बायको विचारायची, "हा उकिरडा रद्दीत कधी घालणार?" आणि मगदूम म्हणायचे, "असू दे. लागंल कधीतरी."

कंजूषपणाला दूरदृष्टी म्हणायची वेळ माणसावर क्वचित येते. मगदुमांवर ती चौसष्टाव्या वर्षी आली.

त्या वर्षी वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघानं एक मशीन आणलं. बंद गाडीत बसवलेलं, दिसायला साधारण पिठाच्या गिरणीएवढं. कंपनीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'पारखी'. कामगारांनी ठेवलं 'तलाठी'. एकदा चढलेलं नाव तिथून उतरवणं किती अवघड, हे गावाकडच्या उताऱ्यांवरून त्यांना ठाऊक होतं. गाडीबरोबर पुण्याहून ऋजुता सबनीस नावाची तरुण इंजिनिअर आली होती.

"पोती सोडून ठेवू?" मगदुमांनी विचारलं.

"नको सर. बांधलेलीच द्या. सोडली की कागद मागंपुढं होतात."

"बांधलेल्या पोत्यातलं वाचतंय?"

"पोत्यातल्या उंदरानं काय खाल्लं तेही सांगेल."

मशीनची युक्ती ऐकायला सोपी होती. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेच्या लहरी यांच्या मधली एक लहर ते पोत्यात सोडायचं. ती कागदातून आरपार जाते. पण दोन कागदांच्या मध्ये केसाहून बारीक असा हवेचा थर असतो, आणि तिथं तिचा थोडा अंश प्रतिध्वनीसारखा मागं फिरतो. कुठला प्रतिध्वनी किती उशिरा आला यावरून कागद कितवा ते कळतं. कोऱ्या कागदाचा प्रतिध्वनी वेगळा, शाईचा वेगळा, कार्बनचा वेगळा. पूर्वी ही लहर थोड्या पानांतच दमायची. आता तिला अख्खं पोतं पेलायला शिकवलं होतं, आणि चुरगळलेलं पान हात न लावता गणितानंच इस्त्री केल्यासारखं सपाट करायची सोय झाली होती.

पण वाचणं हे निम्मंच काम. मोठ्या कंपन्यांकडं यशाची माहिती ढिगानं पडलेली होती; यश सगळेच जपून ठेवतात. चुका मात्र लहान कारखान्यांच्या पोत्यांत कुजत होत्या, आणि मशीनला शिकायला चुकाच लागतात. कुठल्या दिवशी लाईट गेली, त्या दिवशी भट्टीवर कोण होतं, धातू किती तापला होता, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकानं किती नग परत पाठवले, हे धागे पारखी एकमेकांना जोडायचं. कशाच्या मागून काय पुन्हा पुन्हा येतं, एवढंच त्याला कळत होतं. खरं काय नि खोटं काय, हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हतं. जे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, ते त्याच्या लेखी घडलेलं होतं.

निकालाच्या दिवशी ऑफिसात मगदूम, त्यांचा मुलगा सम्मेद आणि ऋजुता बसले होते. पारखीनं खरोखर कमाल केली होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या ओतणीत बुडबुडे का पडतात, ते त्यानं सांगितलं: धातू ओतायचं मोठं भांडं सुट्टीत गार पडून ओल धरतं, आणि घाईत ते कोणी शेकत नाही. मगदुमांच्या वडिलांनी पातळ कवचासाठी बसवलेलं, नंतर सगळेच विसरून गेलेलं धातूचं मिश्रण त्यानं एका कॅलेंडरच्या पाठीवरून उचलून दिलं.

"आणि सर, दर्जा 'अ'," ऋजुता म्हणाली. "अख्ख्या वसाहतीत फार थोड्यांना मिळालाय."

सम्मेदनं टेबलावर थाप मारली. मोठ्या पंपकंपन्यांची खरेदी आता माणसं करत नव्हती. त्यांची मशीनं पारखीचा दर्जा बघायची आणि ऑर्डर सोडायची. 'अ' म्हणजे पुढची पाच वर्षं भट्टी विझणार नाही.

"कशावरनं दिला?" मगदुमांनी विचारलं. फुकट मिळालेल्या गोष्टीची पावती मागायची त्यांना सवय होती.

"तुमच्याकडचे दोष तीन वर्षांपूर्वी एकदम थांबलेत. मूळ कारण ओळखून दूर केलं, तर सगळ्यात जास्त गुण असतात." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "कारण म्हणजे एकच मोल्डर, साचे भरणारा. आकाराम तोडकर. जवळपास सगळ्या गुलाबी स्लिपांवर 'जबाबदार व्यक्ती' म्हणून यांचंच नाव. शिवाय ज्या महिन्यात स्लिपा जास्त, त्या महिन्यात 'वाळू, जादा' हा खर्चही जास्त. म्हणजे साचे बिघडवायचे ते बिघडवायचे, वर वाळूही नासायचे. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि स्लिपा बंद झाल्या. कसं काय सांभाळलंत इतकी वर्षं यांना?"

सम्मेद हसला. मगदुमांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या गुलाबी स्लिपांची हकिकत अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बड्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला आणि म्हणाला, प्रत्येक खराब नगाच्या स्लिपेवर जबाबदार व्यक्ती लिहिलेली पाहिजे. मगदुमांनी पहिल्या स्लिपेवर लिहिलं, 'लाईट गेली'. तपासनीस म्हणाला, लाईट ही व्यक्ती नाही. मग लिहिलं, 'वाळू ओली'. वाळूही व्यक्ती निघेना. खरी व्यक्ती साऱ्या फौंड्रीला ठाऊक होती. गाडी दारात उभी आहे म्हणून धातू पुरता तापायच्या आत "ओता रे, ओता!" असं ओरडणारे मालक. पण मालकाचं नाव लिहिलं तर गिऱ्हाईक जाणार, आणि कामगाराचं लिहिलं तर कामगार उद्या शेजारच्या फौंड्रीत.

तेव्हा आकाराम पुढं झाला. हातावरची काळी वाळू झटकत म्हणाला, "लिवा की माझं, मालक. कागदावर डाग पडला म्हनून बायको काय मला घरात घ्यायची न्हाई व्हय?"

"फुकट नाही लिहायचं. बोल, काय पाहिजे?"

"मटन."

तो रिवाजच पडला. महिनाअखेरीला मगदूम सगळ्या स्लिपा एका बैठकीत भरायचे आणि दुसऱ्या दिवशी आकाराम भट्टीमागं चूल मांडून साऱ्या पाळीला तांबडा रस्सा वाढायचा. "बसा, बसा. माझ्या पापाचं हाय, पोटभर खावा." पाप जास्त झालं की मटण जास्त. मगदुमांच्या जैन घरात मटण शिजत नव्हतं, तसं त्यांच्या वहीतही शिजत नव्हतं. म्हणून तो खर्च 'वाळू, जादा' या नावानं पडायचा.

आकारामनं काम सोडलं तेव्हा पापाला वारस मिळेना. दुसरा कोणी नाव द्यायला तयार होईना, तेव्हा मगदुमांनी स्लिपा लिहिणंच सोडलं. खराब नग संध्याकाळच्या आत परत भट्टीत. बीड पुन्हा वितळतं. त्याला आठवण नसते. दोष होता तिथंच होता, फक्त लिहिणं थांबलं होतं.

आणि त्या थांबण्याला 'अ' मिळाला होता.

आकाराम चार-आठ दिवसांतच आला. त्यानं आणि त्याची मुलगी वैजयंता हिनं मिळून छोटी शेड घातली होती. पंपाच्या कवचात पोकळी राहावी म्हणून साच्याच्या पोटात वाळूचा घट्ट गाभा बसवावा लागतो. तसले गाभे ते बनवत. आकारामचा हात आणि वैजयंताचं डोकं, असा तो कारभार.

"मालक, तलाठ्यानं माझ्या नावावर बोजा चढवलाय म्हनं," तो दारातूनच म्हणाला.

"आधी बस तर."

"बसतो की. तुमच्या 'अ'चं पेढं खायला आलोय आसं समजा." तो खुर्चीच्या कडेला बसला. त्या ऑफिसात पाठ टेकून बसायची त्याला कधी सवय लागली नव्हती. "झालंय आसं, वैजूनं समद्या फौंड्र्यास्नी नमुनं दिलं. माल पसंत. पन मशीन इचारतंय, कारागीर कोन? तोडकर म्हनलं की तांबडा शेरा. पोरीनं अंगावरचं सोनं मोडून शेड घातलंय. म्हैनाअखेरीला पंपवाल्यांची पसंत कारागिरांची यादी बंद हुतीया. तवर नाव उतरलं तर काम मिळंल, न्हाईतर शेड इकायचं. मग पोरगी माझ्याकडं बघून रडनार बी न्हाई, नुसतं बघंल."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"बोला. तुमी लिवलंय, तुमालाच खोडता यायचं." तो उठला, दारापाशी थांबला. "येक इचारू? वाळू नासली आसं बी लावलंय माझ्या नावाला. कंदी नासली वो म्या वाळू?"

मगदूम टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. "अरे, ते... मटण."

आकारामला उमगायला क्षणभर लागला. मग तो खोकला येईस्तोवर हसला. "म्हंजे इतकी वर्सं आमी वाळूच खाल्ली म्हना की!"

मगदूमही हसले. दोघांचं हे शेवटचं एकत्र हसणं.

संघाच्या कार्यालयात मगदुमांनी विषय लांबून काढला. "समजा, एखाद्या कारखान्यात नावं अशीच... सोयीनं लिहिली गेली असतील तर?"

ऋजुतानं त्यांच्याकडं पाहिलं. पोरगी हुशार होती, आणि हुशारीपेक्षा दुर्मीळ म्हणजे सभ्य होती. तिनं कारखान्याचं नाव विचारलं नाही. "त्यासाठी दुरुस्तीची सोय आहे, सर. मालकानं स्वतः करायची." तिनं पान उघडलं. "जुनं नाव काढा आणि खरं नाव घाला. फक्त रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"लाईट घातली तर?"

"व्यक्ती लागते."

मगदुमांना वाटलं, तो जुना तपासनीस मेला नव्हता. नोकरी बदलून मशीनमध्ये लागला होता.

भट्टीवर गणपा माळी नावाचा माणूस होता. मागंपुढं कोणी नसलेला, मरून कितीतरी वर्षं झालेला. मेलेल्या माणसाला दर्जाशी काय कर्तव्य? मगदुमांनी त्याचं नाव घातलं. पडद्यावर उमटलं, 'ही व्यक्ती बहुतेक तारखांना हयात नव्हती.'

"ते हजेरीपटाशी ताडून बघतं, सर. थांबा, उलटं विचारूया." ऋजुतानं एक बटण दाबलं. "त्या सगळ्या दिवशी फौंड्रीत हजर असलेली माणसं, हजेरीवरून आणि कागदांवरच्या सह्यांवरून."

इतक्या वर्षांत कितीक कामगार आले नि गेले. कुणी लग्नाला गावी गेला, कुणी आजारी पडला, कुणी चार पैसे जास्त मिळाले म्हणून शेजारी गेला. एकाही ओतणीला न चुकलेली नावं पडद्यावर दोनच आली. आकाराम तोडकर. सुकुमार मगदूम.

मगदुमांनी नुसतं बघायचं म्हणून आपलं नाव घातलं. 'अ' गेला आणि तिथं 'क' आला. खाली ओळ उमटली: 'दोष मालकाच्या निर्णयांमुळे. कारण अद्याप दूर झालेले नाही.'

त्या 'अद्याप'चा त्यांना फार राग आला. खऱ्याच गोष्टीचा येतो तसा.

"जतन करू?" ऋजुतानं विचारलं.

"उद्या सांगतो."

घरी जेवताना सम्मेदनं विषय काढला. संघाच्या कार्यालयात कोण काय करून आलं, हे वसाहतीत लपत नसे.

"पप्पा, आकारामकाकांना घरखर्चाला देऊ. दर महिन्याला देऊ. वैजयंताला आपल्या ऑफिसात घेऊ. पण दर्जा काय उसना देता येत नाही."

"त्यानं केलेलं नाही रे ते."

"मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. 'आज काकांचं पाप किती किलोचं?' असं मीच विचारायचो तिथं." सम्मेदनं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "खोटं मशीन नाही बोललं. तुम्ही बोललात. तेव्हा खोटं बोललात म्हणून कारखाना चालला, मी शिकलो. आता खरं बोलून बंद करणार? सत्तर घरं आहेत आपल्या भट्टीवर."

सत्तर घरं. मगदुमांना हा आकडा फार उपयोगी पडला. एका माणसाशी बेइमानी करायची तर मागं सत्तर माणसं उभी करावीत. मन चटकन गप्प बसतं. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की ती सत्तर आपापल्या घरी जायची आणि एकटा आकाराम उरायचा. सकाळी मगदूम ठरवायचे, उद्या जातो. उद्या हा त्यांचा सगळ्यात जुना भागीदार होता. नफ्यात वाटा मागायचा नाही आणि तोटा सगळा आपल्याकडं घ्यायचा.

असं करता करता महिनाअखेर आली. यादी संध्याकाळी बंद होणार होती. आकारामचा निरोप आला होता, दुपारी येतो.

मगदुमांनी तिजोरीतून पैसे काढले आणि पाकिटात घातले. खर्चाची नोंदही आता ऑफिसात बसवलेल्या पडद्यावर पारखीच घेत असे. त्यानं विचारलं, कशाखाली टाकू? मगदुमांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वाळू, जादा."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'तोडकर कामावर नाहीत. स्लिपही नाही. तरी जादा वाळू. तोडकर यांच्याबद्दलचे जुने अनुमान चुकीचे असू शकते. सर्व कागद पुन्हा तपासू का?'

खाली दोन चौकोन. हो. नाही.

खरं-खोटं न कळणाऱ्या त्या यंत्राला, नुसतं कशामागून काय येतं ते मोजता मोजता, बरोबर दार सापडलं होतं. जे मगदुमांना महिनाभर जमलं नाही, ते करायला ते आपण होऊन निघालं होतं. कबुली नको, सही नको. एक बोट टेकवायचं होतं. मात्र कागद पुन्हा तपासले, तर त्या दिवसांचं दुसरं नाव कुठलं, हे मगदुमांनी पाहिलेलं होतं.

खिडकीबाहेर नवी मोठी गाडी लागली होती. 'अ' दर्जाची पहिली ऑर्डर. सम्मेद स्वतः उभा राहून माल चढवून घेत होता, आणि आतल्या हमालांवर ओरडत होता, "चला रे, आटपा, आटपा!" आवाज अगदी बापाचा.

मगदुमांनी 'नाही'वर बोट ठेवलं.

'कारण?' पारखीनं विचारलं.

"जुनी पद्धत आहे आमची."

'नोंद केली.'

फाटकावर गिऱ्हाइकाच्या अटीनं आता कॅमेरा बसला होता. ज्याच्या नावावर तांबडा शेरा, त्याला फाटक उघडत नसे. आकाराम बाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता, धुतलेला सदरा घालून. मगदूम पाकीट घेऊन बाहेर गेले.

"मालक सोता भाईर आलासा! लई झालं."

"आत बोलावलं असतं रे, पण हे फाटक..."

"वळखतंय की मला. लांबनंच तांबडा दिवा लावतंय. वैजूला म्हनलं, पुढाऱ्याच्या गाडीला बी एवढा मान न्हाई." तो हसला, आणि हसू तोंडावर तसंच ठेवून त्यानं विचारलं, "उतरलं नाव?"

मगदुमांनी पाकीट पुढं केलं. "हे ठेव. दर महिन्याला देत जाईन. वैजूला आमच्या ऑफिसात घेतो. मटणाचं समज."

आकारामचा हात जुन्या सवयीनं सदऱ्याला पुसून पुढं आला. पाकिटापाशी थांबला.

"म्हंजे ह्या म्हैन्यात बी कुनाचं तर पाप हाय."

"आकाराम, ऐक. सत्तर घरं..."

"ऐकलंय. माझं बी त्यातलंच एक हुतं." त्यानं हात मागं घेतला. आवाज चढला नाही. साच्याचं झाकण उचलताना तो जसा हळू बोलायचा, तसाच बोलला. "तवा तुमी इचारून लिवलासा, मालक. 'आकाराम, लिवू का?' म्हनून. आमी लिवा म्हनलं, आनि खाल्लं. ज्याचं पाप त्यानं खायाचं, ह्यो रिवाज तुमीच पाडलासा. ह्या खेपेला इचारलं न्हाईसा. तवा हे पाप काय माझं न्हवं."

त्यानं पाकीट मगदुमांच्या छातीशी सारलं.

"ह्या खेपेचं मटन तुमी खावा."

आणि तो रस्त्याच्या कडेनं, मागं न बघता, वसाहतीच्या टोकाला असलेल्या शेडकडं चालू लागला.

मगदूम वळले. फाटकानं त्यांचा चेहरा ओळखला, हिरवा दिवा लावला आणि आपोआप उघडलं. मगदूम जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं फाटक मिटलं. मग त्यानं पुन्हा ओळखलं, आणि पुन्हा उघडलं.